खून, हत्या की वध?

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र यंदा लवकरच आले. ‘सदर नेहमीचेच, फक्त जरा ऐसपैस लिहावे, अंक सणासुदीचा आहे एवढे ध्यानात असू द्यावे’, असा त्यात मजकूर होता. मी कापसावर लिहायचे ठरवले. आर्णीला राहणाऱ्या माणसाने दिवाळीत कापसावर लिहिले तर कोणाची हरकत नसते. दोन पाने लिहूनही झाली होती. तेवढ्यात आमच्या नातीने सारा बेत मोडला.

नात आठवीत आहे. गांधी जयंतीला शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ‘महात्मा गांधी : जीवन आणि कार्य’, वेळ पाच मिनिटे. पोरबंदर, विलायत, आफ्रिका, दांडी असे टप्पे घेत तिची गाडी सुरळीत चालली होती. ती शेवटच्या परिच्छेदापाशी अडली. वही घेऊन ती माझ्या खुर्चीपाशी आली.

“आजोबा, गांधीजींचा खून झाला, हत्या झाली, की वध झाला?”

“असं का विचारतेस?”

“एका पुस्तकात खून आहे, एकात हत्या आहे, बाबांच्या मोबाइलवर कोणीतरी वध म्हणून पाठवलंय. आणि एका ठिकाणी नुसतंच निधन आहे. यातलं काय लिहिलं तर मार्क जास्त पडतील?”

तेहतीस वर्षे मी मराठी शिकवले. ‘समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न दरवर्षी न चुकता पेपरात घातला. पण हे चार शब्द एका ओळीत मांडून कोणी माझ्यापुढे धरले नव्हते. ‘उद्या सांगतो’ म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तर लोकांचे हे जुने शस्त्र आहे.

रात्री कोश काढून बसलो. ‘खून’ हा फारसीतला. तिकडे त्याचा अर्थ रक्त. आपल्याकडे तो पोलिसांच्या आणि कचेरीच्या कागदांत वावरून वावरून कोरडा झाला आहे. खून कोणाचाही होतो. सावकाराचा होतो, भावकीतल्या माणसाचा होतो, बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याचाही होतो. ‘हत्या’ संस्कृत, आणि तिच्या पोटात पाप आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. ज्याला मारू नये त्याला मारले की हत्या. ‘वध’ मात्र निराळा. कंसाचा वध, बकासुराचा वध, अफझलखानाचा वध. वध म्हटला की मेलेला दुष्ट होता हे आधीच ठरून गेलेले असते. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही. निकाल शब्दातच लागलेला.

सकाळी फिरायला जाताना आमच्या ओळखीचे एक वकील भेटतात. अरुणावतीच्या पुलापर्यंत आम्ही बरोबर जातो. त्यांना हे शब्दशास्त्र ऐकवले, तर ते म्हणाले, “गुरुजी, जरा घाई करताय. कायद्यात ‘सदोष मनुष्यवध’ असा शब्द आहे. जुन्या दंडसंहितेच्या मराठीत होता, १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली तिच्यातही आहे. तिथे मेलेला माणूस दुष्ट होता असं कोण म्हणतं? आणि क्रौंचवधाचं काय? त्या पक्ष्यानं कोणाचं काय वाकडं केलं होतं?”

मी निरुत्तर झालो. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ ही कादंबरी १९४२ सालची; ती मी मुलांना वाचायला सांगत असे, तरी ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वकीलसाहेब पुढे म्हणाले, की खुनाचे कलम ३०२ जाऊन १०३ आले, तरी पक्षकार अजून ‘तीनशे दोन लागली’ असेच म्हणतात. तोंडातून शब्द जायला कायदा बदलण्यापेक्षा जास्त वर्षे लागतात. तेव्हा शब्दाला दोष देता येत नाही हे मान्य करून मी पुढे चाललो. ज्या तोंडी तो बसला त्या तोंडाने त्याचे काय केले, एवढेच पाहायचे राहिले.

महाराष्ट्राच्या तोंडी ‘वध’ राजकारणातून कसा बसला याचा माग काढायला फार लांब जावे लागत नाही. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात अफझलखानाच्या वधावर भाषणे झाली, आणि टिळकांनी असे प्रतिपादन केले की स्वार्थासाठी नव्हे तर लोकांसाठी केलेल्या त्या कृत्याचे पाप शिवाजीमहाराजांना लागत नाही. भाषणांचा वृत्तांत १५ जूनच्या ‘केसरी’त आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने या दोन गोष्टींची सांगड घालून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. भाषण आणि गोळी यांचा कार्यकारणसंबंध कोणी सिद्ध केला नव्हता. पण ज्यूरीतल्या नवांपैकी सहा जण युरोपियन होते. मराठी शब्दाची छटा त्यांना कोण समजावणार?

पुढे १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले. रंगभूमीवर कीचक, प्रेक्षकांच्या मनात कर्झन. सरकारलाही ते उमगले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. राज्य परक्यांचे, वर्तमानपत्रावर पहारा. तेव्हा पुराणातल्या दैत्याच्या नावाने बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते हे खरे. आपले आजेपणजे त्या नाटकाला टाळ्या वाजवून आले, आणि घरी येताना तो शब्द बरोबर घेऊन आले. गोरे गेले. शब्द घरातच राहिला.

टिळकांचाच आणखी एक दाखला दिल्यावाचून पुढे जाववत नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. तो किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी होता. मेल्या त्या केनेडी नावाच्या मायलेकी. ‘केसरी’ने ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख लिहिला. झाले ते वाईट, पण लोकांना या थराला आणणारे सरकारचे धोरण त्याला जबाबदार आहे, असा त्याचा रोख. या ‘पण’साठी टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. तो ‘पण’ जिवंत आणि बलाढ्य सरकारकडे बोट दाखवीत होता, मेलेल्या बायकांकडे नव्हे. आणि बोलणाऱ्याने त्याची किंमत मोजली होती. एवढे कबूल करून हेही सांगितले पाहिजे की, मी शाळेत असताना हा धडा शिकलो तेव्हा त्या मायलेकींविषयी गुरुजींनी ‘चुकून मेल्या’ यापलीकडे शब्द काढला नाही. मीही तेहतीस वर्षे तसेच शिकवले.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. ३० जानेवारी १९४८, सायंकाळचे ५ वाजून १७ मिनिटे, दिल्लीचे बिर्ला भवन. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे पुण्याच्या एका मराठी दैनिकाचा संपादक होता, ही गोष्ट आम्ही लिहिणारी माणसे सहसा बोलत नाही. पत्राचे नाव आधी ‘अग्रणी’, मग ‘हिंदुराष्ट्र’. त्याच्याबरोबर फाशी गेलेला नारायण आपटे त्या पत्राचा व्यवस्थापक. म्हणजे हात पिस्तुलाला लागण्याआधी अनेक वर्षे लेखणीला लागलेला होता. खटला लाल किल्ल्यात चालला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. कायद्याच्या लेखी तो खून. तिथे शंकेला जागाच नाही.

‘वध’ आला तो घरांतून आणि कुजबुजीतून. गंमत अशी की (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) जन्मठेप भोगून आलेल्या गोपाळ गोडसे यांनी मराठीत जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘गांधीहत्या आणि मी’. सरकारने ते १९६७ मध्ये जप्त केले, १९६९ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने जप्ती उठवली. तेच पुस्तक हिंदीत गेले तेव्हा ‘हत्या’ जाऊन नावात ‘वध’ आला. कटात शिक्षा झालेल्या सख्ख्या भावाला मराठीत जो शब्द चालला, तो पुढच्यांना सौम्य वाटला!

त्याच गोपाळ गोडशांच्या सुटकेनंतर १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात सत्यनारायणाची पूजा झाली. सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकरांनी भाषण केले आणि गांधींना मारण्याचा बेत आपल्याला आधीपासून माहीत होता, असे सांगून टाकले. केतकर कोण, तर टिळकांचे नातू, ‘केसरी’चे माजी संपादक. देशभर गदारोळ उठला, संसदेत प्रश्न झाले, आणि त्यातूनच पुढे न्यायमूर्ती कपूर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. सोळा वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट एका संपादकाने सांगितली ती तीर्थप्रसादाच्या वेळी. मला त्या पूजेतल्या श्रोत्यांचे राहून राहून कुतूहल वाटते. चारचौघे सभ्य, पांढरपेशे, आपल्यासारखेच असतील. त्यांच्यात कोणाच्या हातातला द्रोण खाली राहिला का?

नातीला एवढे सारे सांगता येत नव्हते. संध्याकाळी मी तिला म्हटले, “वध नको. हत्या लिही.”

स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, “आमच्या घरी वधच म्हणायचे.”

ती हे सहज बोलली. मला माहीत नव्हते असे नाही. पण पंचावन्न वर्षांच्या संसारात ते वाक्य तिने असे सरळ उच्चारलेले मी प्रथमच ऐकले.

हिचे माहेर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. ब्राह्मणाचे घर, थोडी जमीन, चौसोपी वाडा. गांधीजींना मारणारा ब्राह्मण होता हे कळल्यावर पुण्यात, साताऱ्यात, सांगली-कोल्हापुराकडे आणि आपल्या नागपूरकडेही ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. मुंबईत नारायणराव सावरकरांना जमावाने दगडांनी ठेचले. ते त्यातून पुरते उठलेच नाहीत आणि १९४९ मध्ये वारले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. अशी घरे खेडोपाडी जळाली, त्यांतलेच एक हिच्या वडिलांचे. ही तेव्हा आईच्या पोटात होती.

सासूबाईंच्या तोंडून ही हकीगत मी अनेकदा ऐकली. पण तिचे व्याकरण नेहमी एकच. “ते जळितात गेलं.” पितळेचा हंडा जळितात गेला, दत्ताची तसबीर जळितात गेली, सासऱ्यांचे खतपत्रांचे दप्तर जळितात गेले. पूर यावा, पटकी यावी, तसे जळीत आले. त्या वाक्याला कर्ता नसे. व्यंकटेश माडगूळकरांनी या प्रसंगावर कादंबरी लिहिली तिचे नावही ‘वावटळ’. त्यांनी माणसे दाखवली आहेत, काही लपवलेले नाही. पण आम्ही वाचकांनी नेमका तो वाऱ्याचा शब्द तेवढा उचलला.

त्या काळच्या वर्तमानपत्रांतून ‘लोकक्षोभ’, ‘जमाव अनावर झाला’ अशी भाषा येई, ती मी नंतर वाचनालयातल्या जुन्या अंकांत पाहिली. आजही पाहा: दंगल ‘उसळते’, लाठीमार ‘होतो’, गोळीबार ‘करावा लागतो’. मराठीत कर्मणी आणि भावे प्रयोग मी मोठ्या हौसेने शिकवीत असे. त्यांचा एवढा उपयोग सरकारी पत्रकांना होत असेल याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

सासरे ते गाव सोडून यवतमाळला एका नातलगाच्या आधाराने आले आणि एका जिनिंगमध्ये कारकून झाले. माणूस मनाने निर्मळ होता. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी विलायती कापड सोडले होते, घरी चरखा होता. तो चरखाही जळितात गेला. आणि त्यानंतर, हिच्या सांगण्याप्रमाणे, ते ‘गांधीवध’ म्हणू लागले. कोणत्या संस्थेत गेले नाहीत, कोणाच्या सभेला गेले नाहीत. फक्त तो एक शब्द बदलला. मी जावई म्हणून नवा होतो, एकदा धीर करून म्हटले, “दादा, तुम्ही तर खादी वापरायचात.” ते म्हणाले, “वापरायचो.” बस्स. पुढे पानात वाढलेले संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

मारणारा एक, घरे जळाली ती ज्यांनी मारले नाही त्यांची, आणि ज्याची जळाली त्याच्या तोंडात मारणाऱ्याचा शब्द जाऊन बसला. जाळणाऱ्यांनी गांधींसाठी जाळले म्हणतात. गांधींचा एक माणूस त्यांनी तिथे कायमचा गमावला. उलट टोकाला साने गुरुजी आहेत. गांधींना मारणारा महाराष्ट्रातला निघाला याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी त्या वेळी एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक काढले. त्या ‘साधना’कडे मला पुन्हा यायचे आहे.

पण त्याआधी आपल्या विदर्भाचे. पश्चिमेकडच्या जळिताविषयी बोलताना वऱ्हाडातल्या माणसाला वाटते, आम्ही त्यातले नव्हे. तर १६ ऑगस्ट १९४२ आठवावा. नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातली आष्टी. ‘भारत छोडो’चे दिवस, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गावे पेटलेली. दोन्ही ठिकाणी पोलिसांनी गोळ्या चालवल्या, लोक पडले, आणि मग जमावाने सरकारी माणसे मारली. आष्टीला पोलीस ठाण्यात पोलीस जळून मेले; चिमूरला उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार मारले गेले. नंतर चिमुरात फौज शिरली आणि बायकांवर जे अत्याचार झाले ते लिहवत नाहीत.

ते लिहूच नये अशी सरकारचीही इच्छा होती. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषण आरंभले. आधी ते दिल्लीला जाऊन बसले ते कोणाच्या दारात? आपल्या यवतमाळच्या लोकनायक बापूजी अण्यांच्या. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेलेले बापूजी त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ते स्वतः पत्रकारही. यवतमाळात ‘लोकमत’ साप्ताहिक काढणारे तेच. भन्साळींना तेथून हलवण्यात आले. त्यांचा उपवास चालूच राहिला, तो ६३ दिवस. सरकारने त्याची बातमी छापायला बंदी केली, तेव्हा तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या वर्तमानपत्रांनी आपले अंकच काढले नाहीत. एक दिवस पेपर आला नाही म्हणून ज्यांना काही माहीत नव्हते तेही विचारू लागले, काय झाले? १२ जानेवारीला उपवास सुटला. पुढच्या महिन्यात गांधीजींच्या उपवासाच्या वेळी बापूजींनी राजीनामा दिला.

वृत्तपत्रांच्या इतिहासातला तो दिवस मला फार मोठा वाटतो. आणि तरीही एक गोष्ट खटकते. आपण ‘चिमूरची क्रांती’ म्हणतो. म्हणावेच, पोरेसोरे गोळ्या झेलून मेली, माणसांना फाशीच्या शिक्षा झाल्या. पण जाळलेल्या ठाण्यातले शिपाईही याच मातीतले, नोकरीला लागलेले गरीब लोक होते. क्रांतीच्या वर्णनात ते एका उपवाक्यात येतात आणि जातात. सरकारने बायकांचे दुःख दडपले, आपण शिपायांच्या बायकांचे. प्रमाण सारखे नाही, हे मला कळते. सारखे आहे असे मी म्हणतही नाही.

आता ‘साधना’. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारले गेले. ते ‘साधना’चे संपादक होते. पुढे १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्याच वर्षी धारवाडला कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश. दाभोलकर अठरा वर्षे ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दारोदार फिरले त्याचा वटहुकूम ते मेल्यावर चार दिवसांत निघाला. खटल्याचा निकाल लागायला मात्र १० मे २०२४ उजाडला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

मधल्या काळात बोलणे थांबले नव्हते. मारेकऱ्यांचा पत्ता नव्हता तेव्हाच पुढाऱ्यांनी आपापल्या सोयीचे गुन्हेगार जाहीर केले. दूरचित्रवाणीवर सहा चौकोनांत सहा तोंडे एकदम बोलत होती. आणि सुरुवात प्रत्येकाची एकच: “हत्येचा मी निषेधच करतो, पण...” या ‘पण’कडे मी कान लावून ऐकत असे. टिळकांचा ‘पण’ मला आठवत होता. हा तो नव्हे. हा ‘पण’ मेलेल्याकडे वळतो. पण त्यांनी लोकांच्या श्रद्धा दुखावल्या होत्या. पण त्यांनी जरा जपून बोलायला हवे होते. म्हणजे मेलेल्या माणसाने आपल्या मरणाला काय हातभार लावला याचा हिशेब, आणि तो मांडणाऱ्याला त्याबद्दल सहा वर्षे तर सोडाच, सहा मिनिटेही गप्प बसावे लागत नाही. कुठल्या एका बाजूचीच ही सवय आहे असे समजू नये. दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता कुठे मारला गेला की ‘पण’ पक्षांतर करतो.

आर्णीला या साऱ्याची बातमी बसस्टँडसमोरच्या चहाच्या कँटीनवर पोचते. तिथे पेपरचे एकेक पान एकेकाच्या हातात असते. पलीकडे बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याला जाणारी हिंदू-मुसलमान माणसे बाकावर शेजारी बसून चहा पितात. दाभोलकरांच्या वेळची गोष्ट. कँटीनवाल्याने कपबशा विसळता विसळता मला विचारले होते:

“गुरुजी, हे ‘अज्ञात इसम’ म्हंजे कोन जी? पेपरात लिवते अज्ञात, अन् गावात तं साऱ्याईले ठाऊक रायते.”

मी त्याला सांगितले, की पोलिसांना सिद्ध होईपर्यंत तसे लिहावे लागते, आणि ते योग्यच आहे. उगाच कोणाचे नाव घेतले तर निरपराध माणसाचे घर जळेल. त्याने मान हलवली. मग म्हणाला, “अन् सिद्ध झाल्यावर तरी लिवते का?”

मी चहाचे पैसे दिले आणि निघालो.

शब्द उलट्या बाजूनेही वापरतात, हेही आम्ही इथेच पाहिले आहे. २० मार्च २०१४ रोजी आमच्या तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदी यांची ‘चाय पे चर्चा’ झाली, तेव्हा ते पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या. एरवी कोणी न विचारणारे खेडे त्या दिवशी देशभर दिसले. त्याच्या आधीही आणि नंतरही, ‘ही आत्महत्या नव्हे, खून आहे’ हे वाक्य यवतमाळ जिल्ह्याने सगळ्या पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकले आहे; जो विरोधात असेल त्याच्या तोंडी ते असते. जिथे खून आहे तिथे ‘जळीत’ आणि ‘वध’, आणि जिथे फास आहे तिथे ‘खून’. ज्या घरात तो फास लागला त्या बाईला विचारले तर ती म्हणते, “मालकानं औषध घेतलं.” तिला व्यासपीठावरचा शब्द लागत नाही.

असो. कापसावर लिहायचे नव्हते ते शेवटी आलेच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नात पुन्हा आली. ‘हत्या झाली’ असे तिने लिहिले होते. मी म्हटले, “झाली म्हणू नकोस. कोणी केली?” तिने डोळे मोठे केले. “नाव घ्यायचं? मॅडम रागावतील.” मी म्हटले, “इतिहास आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. वाक्य पुरं कर.” तिने जरा वेळ पेन्सिल चावली आणि लिहिले: ‘३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, प्रार्थनेला जात असताना, नथुराम गोडसे याने गांधीजींना गोळ्या घालून ठार मारले.’

खून नाही, हत्या नाही, वध नाही. मला ते शब्द टाळायचे नव्हते, पण वाक्य वाचले तेव्हा त्यांची गरजही भासली नाही. तिचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी शेरा दिला, ‘शेवट अधिक भावपूर्ण हवा होता.’

त्या रात्री जेवणे झाल्यावर ही पानदान घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. नात झोपली होती. “तुम्ही पोरीला सांगितलंत ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “मग आमच्या जळिताचंही वाक्य पुरं करा की.”

“मला कुठे माहीत आहे?”

“मला आहे. आईनं जायच्या आधी सांगितलं होतं.”

मग तिने सांगितले. रॉकेलचा डबा कोणी आणला, माजघराला काडी कोणी लावली. एकच नाव होते. त्या माणसाची म्हातारी रोज सकाळी सासूबाईंकडून ताक न्यायची. जळिताच्या दुसऱ्या दिवशीही ती तांब्या घेऊन आली होती, दारापर्यंत आली आणि दार नाही हे पाहून तिथेच खाली बसली. सासूबाईंनी तिला हाताला धरून उठवले, हेही हिने सांगितले.

“दादांना माहीत होतं?” मी विचारले.

“त्यांनीच तर आईला बोलू दिलं नाही. म्हणाले, नाव घेतलंस तर त्याच्या घरावर उद्या पोलीस जातील, परवा आणखी कोणी जाईल.”

इतकी वर्षे मी समजत होतो की सासऱ्यांचा कडवटपणा त्या एका शब्दात साठला आहे. आणि हा माणूस मनात ते नाव झाकून यवतमाळच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होता.

ते नाव मी इथे छापीत नाही. त्याची नातवंडे आता चाळिशी-पन्नाशीची असतील, आणि यंदाच्या दिवाळीत त्यांच्याही घरी कदाचित हा अंक येईल. हिने मात्र ते त्या रात्री दोनदा उच्चारले, कर्ता-कर्म-क्रियापद धरून, आणि मग पानाला चुना लावला.